सुपरजेटचं हेड घासायला टाकण्याआधी एवढं वाचा

निपाणीकर दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि सहा वर्षांपूर्वीचा मीच समोर उभा राहिलो. गोव्यात धंदा बंद केलेल्या माणसाकडून १९९७ची यामाहा सुपरजेट ७०१ (पाण्यावर उभं राहून चालवायची जेट स्की) घेतलीत, हातात साठ हजार उरलेत, बेळगावात कॉम्प्रेशनचं गेज लावून बघितलं तर पुढच्या सिलिंडरला १३५ पीएसआय आणि मागच्याला १३७ आलं. दीडशे असायला हवं होतं, म्हणजे इंजिन थकलंय, म्हणून हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) फेस मारून, म्हणजे तळ घासून, कॉम्प्रेशन वाढवायचं आणि उरलेल्या पैशात एक्झॉस्ट घ्यायचा, असा तुमचा बेत आहे.

हेडला हात लावू नका. तुमचं इंजिन बहुतेक थकलेलं नाहीच. का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी एक सांगून ठेवतो. मी काही जेट स्कीचा मेकॅनिक नव्हे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षं लेथवर काढली, त्यामुळे धातू कळतो, इंजिन वाचून आणि जाळून शिकलो. तुमची गाडी मी बघितलेली नाही. तेव्हा मी सांगतो ते माझ्या एका गाडीच्या अनुभवावरचं समजा आणि स्वतः मोजून मगच पैसे घाला.

माझी पण ७०१च, तुमच्यापेक्षा एक वर्ष जुनी. छोट्या हत्तीत घालून चोर्ल्याच्या घाटातून आणली. गेज लावलं तर दोन्हीकडे १३८. बाहेरदेशी लोकांनी लिहिलेलं सगळं वाचून काढलं होतं, त्यात दीडशे म्हणजे निरोगी, १३०च्या खाली गेलं की पिस्टन उघडा. मला वाटलं, आपलं मधेच लटकलंय. ही पहिली चूक, आणि बाकीच्या सगळ्या हिच्यातनंच निघाल्या. बेळगाव समुद्रापासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथली हवा समुद्रकाठच्या तारकर्लीच्या हवेपेक्षा सात टक्क्यांनी तरी पातळ. सिलिंडरमध्ये मुळात हवाच कमी शिरते, मग गेज कमीच दाखवणार. समुद्रावर दीडशे दाखवणारं इंजिन बेळगावात १३७ दाखवतं. म्हणजे माझं इंजिन अगदी कंपनीनं दिलं तसं होतं. थकली होती ती माझी समज. तुमचे १३५-१३७ पण याच हिशोबात बसतात, आणि दोन्हीत दोनचाच फरक आहे ही फार चांगली गोष्ट. (थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजलंत ना? ठेवला नसेल तर परत मोजा.)

पण तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं. हातात मशीन, शेजारी सरफेस ग्राइंडर, ओळखीचा माणूस. एका दुपारी पाऊण मिलीमीटर काढलं. गेज १६५वर गेलं. किती आनंद झाला म्हणून सांगू! बाहेरचे लोक लिहितात, पंपावरच्या ९२ ऑक्टेन पेट्रोलवर १८० पर्यंत चालतं (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल ठोके न देता किती दाब सोसतं त्याचा आकडा). मी म्हटलं, आपण १६५वरच थांबलोय, आपल्या पंपावर ९१ मिळतं, एकाच आकड्याचा फरक. भरपूर वाव ठेवलाय.

वाव कसला! अमेरिकेत पंपावर जो आकडा लिहितात तो दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो. आपल्याकडे लिहितात तो त्यातला एकच, आरओएन, आणि तो नेहमी मोठा असतो. त्यांचं ९२ म्हणजे आपल्या भाषेत ९६-९७. आपलं त्या वेळचं साधं ९१ त्यांच्याकडे ८७ गणलं गेलं असतं, म्हणजे त्यांच्या पंपावरचं सगळ्यात स्वस्त पेट्रोल. एक आकडा नव्हे, पाच आकडे कमी. आणि बेळगावातले १६५ खाली समुद्रावर गेले की १८० होतात, हे आलंच.

कार्बोरेटर कुठं जुळवला, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण कुठं ठरवलं? काकांच्या मळ्यातल्या शेततळ्यात. या काठावरनं त्या काठापर्यंत चार-पाच सेकंदांचा पूर्ण थ्रॉटल, की लगेच वळवायची. प्लग काढला तर छान तपकिरी, म्हणजे मिश्रण बरोबर असं वाटलं. तेवढ्या वेळात इंजिन तापतच नाही, तपकिरी दिसणारच. २०१९च्या डिसेंबरात ती तशीच तारकर्लीला नेली. खाली हवा दाट, पेट्रोल मात्र डोंगरावर लावलेल्या मापाचं. मिश्रण आपोआप पातळ झालं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. कॉम्प्रेशन जास्त, ऑक्टेन कमी, मिश्रण पातळ, आणि समोर मोकळं पाणी. दोन मिनिटं थ्रॉटल सोडलाच नाही. मोटारसायकलचं इंजिन ठोके देतं ते कानाला कळतं. यात पाण्याच्या आणि एक्झॉस्टच्या आवाजात काहीसुद्धा ऐकू येत नाही. आधी जोर वाढल्यासारखा वाटला, मग दम गेला, मग बंद. एका मच्छीमार दादांनी होडीला बांधून काठावर आणलं, पैसे घेतले नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

हेड उघडलं तर पुढच्या पिस्टनचा कडेचा भाग उंदरानं कुरतडल्यासारखा खाल्लेला, मधे करंगळीएवढं भोक, प्लगच्या चिनीमातीवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चमकते ठिपके. हे ठिपके लक्षात ठेवा. ते भोक पडायच्या आधीच दिसायला लागतात. पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर थांबून प्लग काढला असता तर बहुतेक पिस्टन वाचला असता. वितळलेला धातू खाली क्रँकमध्ये गेला, म्हणून क्रँक पूर्ण खोलून बेअरिंगं बदलावी लागली. या ब्लॉकला बिडाचे स्लीव्ह आहेत म्हणून बोअर तरी करता आला. ८१ मिलीमीटरचा ८१.५० करून घेतला. मशीनिंग मी फुकटात करू शकत होतो, तरी एकूण खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला.

आणि पिस्टन-रिंगा-गॅस्केटचं पार्सल! बाहेरून मागवलं. ते एका कार्यालयात अडकलं, नाव घेत नाही. हे नावेचे भाग की मोटारसायकलचे की खेळाचं सामान, हे ठरवायला त्यांना चार महिने लागले. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी तीच कागदपत्रं पहिल्यापासून. एकदा बिल स्पष्ट दिसत नाही म्हणून परत, एकदा वस्तूचा फोटो नाही म्हणून परत. फोन उचलायचे नाहीत, ईमेलला उत्तर नाही, आणि शेवटी ठेवणावळ मलाच भरायला लावली. माणसानं कर भरायला तयार असावं, पैसे घेऊन उभं राहावं, आणि कोणी ते घ्यायलाच नसावं, याचा राग अजून जात नाही. तुम्ही काही मागवलंत तर विक्रेत्याकडून बिलावर प्रत्येक भागाचं नाव, कशाच्या इंजिनाचा, किती नग, हे वेगवेगळं लिहून घ्या. 'पार्ट्स' असा एकच शब्द चालवून घेऊ नका.

आता साठ हजारांचं काय करायचं ते.

आधी गाडीचं वजन करा. निपाणीत तंबाखूच्या वखारीतला काटा कोणीही वापरू देईल. टाकी रिकामी केलेली सुपरजेट १३०-१३५ किलोच्या घरात असायला पाहिजे. तुमची दीडशेच्या वर गेली तर हलच्या (गाडीच्या धडाच्या) आतल्या फोमनं पाणी प्यालंय. जुन्या स्टँड-अपला हे फार होतं आणि विकणारा कधी सांगत नाही. वीस किलो पाणी बाळगत असाल तर कुठलाही एक्झॉस्ट ते भरून काढणार नाही. ओला फोम कापून काढायचा, हल उन्हात सुकवायची, पाण्यावरच्या कामासाठी असतो तो बंद पेशींचा फोम घालायचा. अंगमेहनत आहे, पैसे जवळजवळ नाहीत. माझ्या गाडीत सगळ्यात जास्त फरक कशानं पडला असेल तर यानं.

मग पंप. ग्रेट (पंपाच्या तोंडावरची जाळी) काढा, इम्पेलर (पाणी मागं ढकलणारा पंखा) आणि पंपाच्या घराच्या भिंतीतली फट फीलर गेजनं चारी बाजूंनी मोजा. ०.६ मिलीमीटरच्या पुढं असेल तर इंजिनाचा जोर फटीतनं मागं पळतोय. किनाऱ्यावर भाड्यानं चालवलेल्या गाडीत वाळूनं ही फट हमखास वाढलेली असते. पंप १४४ मिलीमीटरचा आहे, त्या मापाचा इम्पेलर बघून घ्या. पात्यांच्या कडा वळल्या-तुटल्या असतील तर टिग वेल्डिंगनं भरता येतात, पण बॅलन्स करून देणाऱ्याकडेच टाका. नुसतं ग्राइंडर मारून देणाऱ्याकडे नको. जास्त वेळ आपल्या उंचीवर चालवणार असाल तर पिच (पात्यांचा तिरकेपणा) थोडा कमीच घ्या, इथं इंजिनात तेवढा दम नसतो.

पेट्रोलची सगळी लाइन बदला. हे माझं ठाम मत आहे, कोणी काही म्हणो. १९९७चा रबर इथेनॉलसाठी केलेला नाही. देशात दहा टक्के मिश्रण २०२२च्या जूनमध्ये झालं, आता वीस टक्के (ई२०) आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल त्यात जातं, शेतकऱ्याला पैसा मिळतो, मला त्याचं वाईट वाटत नाही. पण जुन्या कार्बोरेटरला ते सोसत नाही. इथेनॉलला चालणारी नळी घ्या आणि मिकुनी कंपनीचे दोन्ही ३८ मिलीमीटरचे कार्बोरेटर अस्सल किटनं उघडून भरा. स्वस्तातला डायफ्रॅम दोन महिन्यांत कडक होतो. आतली बारीक जाळी विसरू नका.

ई२० आल्यावर ऑक्टेन वाढलाय, मग हेड घासायला काय हरकत, असं कोणीतरी तुम्हाला सांगेलच. ऑक्टेन वाढतो हे खरं आहे. पण इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणून जुन्याच जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रावर) मिश्रण पातळ होतं. हाय-स्पीडचा स्क्रू उघडावा लागतो, कधी जेट मोठा करावा लागतो. दुसरं, इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत पाणी जास्त झालं की ते दोघं मिळून तळाला बसतात, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन मूळच्यापेक्षा खाली येतो. पाण्यावरच्या गाडीत हे व्हायला किती वेळ लागणार? म्हणून फेरी संपली की टाकी रिकामी करा, तेल घातलेलं पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका. जास्त ऑक्टेनचं प्रीमियम मिळतं ते घाला, दोन पैसे जास्त जातील.

तेलाचं पण ऐका. पंपावर मिळतं ते २टी तेल हवेवर गार होणाऱ्या गरम इंजिनांसाठीचं. यात पाण्यावर गार होणाऱ्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घाला. या गाडीत तेल पेट्रोलमध्ये हातानंच मिसळावं लागतं, हे टाकीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. घरचं दुसरं कोणी साधं पेट्रोल ओतलं तर संपलं.

एवढं करून पैसे उरले तर चांगली ग्रेट आणि राइड प्लेट (पंपाखालची पट्टी). एक्झॉस्ट सगळ्यात शेवटी. माझ्या मते पहिल्या वर्षी नकोच, पण त्यावर लोकांची मतं वेगळी आहेत.

आणि जिथं चालवणार तिथंच कार्बोरेटर जुळवा. तारकर्लीला नेणार असाल तर हाय-स्पीडचा स्क्रू खाली पोचल्यावर आधी जास्त उघडा ठेवा, मग पाव-पाव फेरा बंद करत या. पहिला पूर्ण थ्रॉटल अर्धा मिनिट, इंजिन बंद, प्लग बाहेर, भिंग लावून बघा.

तुम्ही हिडकलचं विचारलंत. हिडकलचं आणि राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं. टू-स्ट्रोकचं अर्धवट जळलेलं तेल पाण्यातच सुटतं. त्यामुळे राकसकोपचा विचार सुद्धा करू नका. हिडकलला पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय गाडी पाण्यात घालू नये, असं मला वाटतं, आणि मी स्वतः तिथं घालत नाही. सीमेपलीकडे चंदगडच्या बाजूला तलाव आहेत, पण तिथं महाराष्ट्राचं खातं, म्हणजे कागद पुन्हा वेगळा. मी वर्षातनं चार-पाच वेळा खाली समुद्रावर जातो, आल्यावर अर्धा तास गोड्या पाण्यानं धुतो.

मनगटाची दोरी (माणूस पडला की इंजिन बंद करणारी) तोडून बगल दिलेली असेल तर आधी ती नीट करा. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा असते.

हेड कोणी आधीच घासलंय का, ही शंका राहिली असेल तर प्लगच्या भोकातनं सोल्डरची मऊ तार सिलिंडरच्या कडेपर्यंत घाला, हातानं क्रँक एक फेरा फिरवा, चेपलेली जागा व्हर्नियरनं मोजा. एक मिलीमीटरच्या आसपास किंवा कमी आली तर सुरूच करू नका, मला सांगा. रविवारी मी दुकानात असतो, निपाणीहून हायवेनं सव्वा-दीड तास. हेड घेऊन या, आतला घुमट (पेट्रोल जळतं ती पोकळी) परत मोठा करून देतो, मी माझा तसाच केलाय.