मामा तलावावर पक्षी बघणाऱ्याने समुद्रकिनारी काय वेगळं करावं?

साकोलीहून डिसेंबरच्या सुट्टीत तारकर्लीच्या रिसॉर्टवर चाललात आणि तिथे पक्षी बघायला पहाटे किती वाजता निघावं, असं विचारलंत. मामा तलावावर, म्हणजे आपल्या भंडाऱ्याकडच्या जुन्या मालगुजारी तलावावर, पहाट गाठली की काम झालं. समुद्रावर वेळ भरती ठरवते. पूर्ण ओहोटीला पक्षी लांबवर पांगतात, दुर्बिणीतही ठिपकेच. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी जाऊन बसा, चढतं पाणीच त्यांना जवळ आणतं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, कालची वेळ आज धरू नका.

रिसॉर्टसमोरच्या वाळूत माणसं अन् कुत्रीच फार. देवबागकडे, कर्ली नदीच्या मुखाशी जा. शक्यतो सकाळची भरती धरा, ऊन पाठीशी राहतं. संध्याकाळी समोरच्या उन्हात सगळेच पक्षी काळे.

काठावरच्या छोट्या पक्ष्यांत चिखल्या धावतो, थबकतो, टोच मारतो, पुन्हा धावतो. तुतवार शेपूट हलवत चालतच राहतो. हिवाळ्यात आपल्या तलावाच्या काठावर येतो तोच हा. कुरवांच्या (सीगल) जाती ओळखायच्या भानगडीत पहिल्या दिवशी पडू नका, पिसारा वयानुसार बदलतो.

8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. काचेवरचे खारे तुषार कोरड्या रुमालाने पुसाल तर मीठ-वाळूचे ओरखडे पडतील. आधी फुंकर, मग गोड्या पाण्याने ओलं केलेलं मऊ कापड.