आधी थांबणारी गाडी, मग धावणारी

जुन्या स्पोर्ट्स कारच्या दुरुस्तीबद्दल आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्यांचा पाया तेच आहे.

प्रश्न: 1966 ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली आहे. बारा वर्षं शेडमध्ये उभी होती. मी रोज गाडी चालवतो, पण हातात पाना कधी धरलेला नाही. मिस्त्री म्हणतात, नवी बॅटरी लावून आधी इंजिन चालू करून बघू. करू का?
– वाचक, राजारामपुरी

उत्तर: नको. इंजिन लागलं की गाडी अंगणात पुढेमागे घ्यायचा मोह होतोच, आणि इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक तेवढ्यातच दगा देतात. शिवाय टाकीतला गंज आणि आटलेल्या पेट्रोलचा डिंक पंपातून थेट कार्ब्युरेटरमध्ये जातो. आणखी एक गोष्ट मिस्त्रींना आधीच सांगा: या मॉडेलला बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असते, आणि सीटमागे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. आजच्या सवयीने उलटं जोडलं तर डायनॅमो आणि कंट्रोल बॉक्सचा घोळ होतो, आणि नंतर बसवलेला एखादा इलेक्ट्रॉनिक भाग असेल तर तो जळतो.

क्रम असा धरा: सांगाडा, ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकं, वायरिंग, मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक नवखे नेमके उलटे जातात. रंगावर पैसे संपतात आणि ब्रेकला फक्त किट बदलून भागवलं जातं.

जॅक उचलण्यापुरताच वापरायचा. गाडी घोड्यांवर (तिपाईसारख्या लोखंडी स्टँडवर) घेतल्याशिवाय खाली हातसुद्धा घालू नका. शेडची जमीन मातीची असेल तर घोडीखाली जाड प्लायवूड ठेवा, नाहीतर पावसाळ्यात एक पाय हळूहळू रुततो. खाली जाण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून बघा. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे.

मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम काढल्यावर आत जी काळपट भुकटी दिसते तिच्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या काळातल्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

यानंतर निम्मंअर्धं काम करू नका. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर (ड्रममधले ब्रेक शू दाबणारे), पुढच्या दोन्ही कॅलिपरचे (डिस्क पकडणाऱ्या चिमट्यांचे) सील, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल दाबणारा) आणि तिन्ही रबरी होज, म्हणजे नळ्या, एकदमच बदला. होज बाहेरून चांगली दिसते, पण आतून फुगून तिचं भोक बारीक झालेलं असतं. पायाच्या जोरावर ऑइल पुढे जातं, पण परत येताना अडतं. चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते, आणि लोक दोष कॅलिपरला देतात. लोखंडी पाइप क्लिपखाली गंजतात, तेव्हा क्लिप उघडून बघा.

ब्रेक ऑइल डॉट 4 दर्जाचं, सीलबंद डब्यातलं घ्या. अर्धा उरलेला डबा हवेतली ओल ओढतो, आणि आपल्या पावसात तर लवकरच. इंजिन ऑइल किंवा डिझेलचा एक थेंबही या सिस्टिममध्ये जाता कामा नये, सगळी रबरं फुगतात. पाइपांत अडकलेली हवा (एअर) काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. शेवटी पेडल पूर्ण जोराने दाबून मिनिटभर तसंच धरा. पेडल हळूहळू खाली गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचा सील आतल्या आत सोडतोय.

या गाडीचा ब्रेक एकाच सर्किटचा आहे. एक पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो आणि हाताशी फक्त हँडब्रेक उरतो. म्हणून मागचे शू आधी अ‍ॅडजस्ट करा आणि मगच केबल. शू सैल ठेवून नुसती केबल ताणली तर हँडल घट्ट लागतं, पण चढावर गाडी धरत नाही.

प्रश्न: दारांखालचे सिल दोन्ही बाजूंनी कुजले आहेत. डेंटर म्हणतात, दोन्ही एकदम कापून नवा पत्रा मारू, एका दिवसात होईल. चालेल?
– वाचक, इचलकरंजी

उत्तर: दोन्ही एकदम कापू देऊ नका. एमजीबीला वेगळी चॅसी नाही आणि रोडस्टरला टपही नाही. पुढचा आणि मागचा भाग या सिलनीच जोडून धरला आहे. बाहेरचा सिल, मधला पडदा, आतला सिल आणि खालची रेल अशी ती पेटी आहे. बाहेर नवा पत्रा दिसतोय आणि आत भुसा, असं काम केलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत.

आधी दाराची मागची फट बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधोमध बसली आहे. त्या अवस्थेत वेल्डिंग केलं तर बाक कायमचा होतो. गाडीचं वजन सस्पेन्शनच्या जागांवर घ्या, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचा आडवा टेकू बोल्टने बसवा आणि फट सारखी झाल्यावरच कापा. एका वेळी एकच बाजू. अधूनमधून टेकू काढून दार लावून बघा. वेल्डिंग मिगचं (विजेवर चालणारं, तार सोडणारं) हवं, थोडं थोडं, जागा बदलत. गॅसने पत्रा वळतो. पेट्रोलची टाकी त्याआधी गाडीतून बाहेर काढलेली असावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते.

प्रश्न: तारांची चाकं साफ करून परत बसवली. आता ब्रेक मारताना आणि पहिला गिअर टाकताना मागून 'टक्' असा आवाज येतो.
– वाचक, कागल

उत्तर: गाडी बाहेर काढणं आजच थांबवा. चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) यांच्यातले दाते झिजल्याचा हा आवाज असू शकतो. चाक काढून हबवरच्या दात्यांकडे उजेडात बघा. नव्या दात्याचा माथा सपाट असतो. झिजलेला सुरीसारखा टोकदार होतो आणि एका बाजूला कललेला दिसतो. तसा असेल तर हब आणि चाक दोन्ही बदला. जुन्या हबवर नवं चाक बसवलं तर तेही थोड्याच दिवसांत खराब होतं.

साफसफाईत हब सुटे केले असतील तर डावे-उजवे बदलले नाहीत ना, तेही तपासा. डाव्या बाजूला नेहमीचे आटे असतात, उजव्या बाजूला उलटे. अदलाबदल झाली तर मधला नट चालत्या गाडीत आपोआप सैल होत जातो. पुढच्या चाकाचं बेअरिंग उघडलं असेल तर त्यातला स्पेसर आणि बारीक शिम (पातळ चकत्या) परत गेल्याची खात्री करा. इथे बेअरिंग अंदाजाने आवळायचं नसतं. शिम कमी-जास्त करून 0.002 ते 0.004 इंच इतकी ढिलाई ठेवायची असते.

प्रश्न: परदेशातून पार्ट मागवायला महिने जातात. आपल्या उद्यमनगरात काय काय बनवून घेता येईल?
– वाचक, शाहूपुरी

उत्तर: बरंच काही, आणि ही कोल्हापूरकरांची मोठी सोय आहे. पितळी बुश, स्पेसर, मॅनिफोल्डचे स्टड, पाइपची जोडणी, इंजिनचं बोअरिंग, क्रँकचं ग्राइंडिंग हे इथे उत्तम होतं. जुन्या व्हील सिलिंडरला आतून स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह घालता येते, फक्त आतली फिनिश होनिंगने गुळगुळीत हवी. लेथची बारीक रेघ राहिली तरी रबर कापलं जातं. ड्रमला कट मारायचा तर दोन्ही बाजूंना सारखा मारा, आणि ड्रम पातळ झाला असेल तर तिथेच थांबा.

पण स्टब अ‍ॅक्सल, स्टिअरिंगचा आर्म, किंगपिन आणि ब्रेकचे बोल्ट बनवून घेऊ नका. हे भाग फोर्जिंगचे किंवा ठरावीक हीट ट्रीटमेंटचे असतात. मापात तंतोतंत जुळणारा तुकडा चांगला टर्नर सहज काढून देईल, पण त्याची ताकद डोळ्यांना दिसत नाही, आणि तुटताना तो आधी सांगत नाही. इथे महिने लागले तरी थांबा.

आट्यांकडेही लक्ष द्या. या गाडीत यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे आहेत. 5/16 च्या नटात 8 मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की आटे सोलून निघतात. अँबॅसडरवर हात बसलेला जुना मिस्त्री मिळाला तर बघा. तिचं 1489 सीसीचं इंजिन एमजीबीच्या 1798 सीसी इंजिनाच्याच बी-सिरीज घराण्यातलं. सगळे पार्ट जुळत नाहीत, पण त्यांना रचना आणि पान्यांची मापं सांगावी लागत नाहीत.

प्रश्न: आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काय करायचं?
– वाचक, जयसिंगपूर

उत्तर: जुनी रबरी नळी मऊ होते, चिरते, आणि गळणारं पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडतं. आर 9 छाप असलेली इथेनॉलला टिकणारी होज पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळीकडे घाला, क्लिपही नव्या. प्लग पांढरट दिसत असतील तर मिश्रण पातळ आहे. दोन्ही एसयू कार्ब्युरेटरच्या जेटचा षट्कोनी नट एक पैलू खाली घ्या आणि पुन्हा प्लग बघा. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. हेड उघडलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्या. शिसंयुक्त पेट्रोल 2000 मध्येच देशातून गेलं, आणि जुन्या मऊ सीट त्याच्याशिवाय झिजतात.

प्रश्न: गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आहे. व्हिंटेज म्हणून नोंदवावी का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर: 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदवता येते. नवीन नोंदणीला 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर येते. रविवारी सहज फेरफटका मारायचा असेल तर साधी नोंदणी जिवंत ठेवणं सोयीचं. तिला फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला तर व्हिंटेजचा दर्जा मिळत नाही, म्हणून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवण्याआधी आरटीओत विचारा.

प्रश्न: काम संपत आलंय. पहिल्याच रविवारी पन्हाळ्याला नेऊ का?
– वाचक, फुलेवाडी

उत्तर: पहिल्याच रविवारी नको. आधी रिकाम्या रस्त्यावर ताशी 20 किलोमीटरवरून दहा-बारा वेळा थांबवा, मग 40 वरून. प्रत्येक वेळी उतरून चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. एकच तापलं असेल तर तिथला शू किंवा कॅलिपर अडकतोय. शंभर किलोमीटर झाले की सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि चाकांचे नट पुन्हा आवळा, ब्रेक ऑइलची पातळी बघा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांवरचा टायर कितीही नवा दिसला तरी नको.

हेडलाइटला रिले (मोठा करंट स्वतःमधून नेणारा वेगळा स्विच) घाला, नाहीतर सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो आणि उजेड मंद पडतो. या गाडीत फ्यूज दोनच, आणि हेडलाइट त्यांच्यावर नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा फ्यूज बसवा. फ्यूज बदलताना अडचण अशी की लुकासचा 35 अँपिअरचा फ्यूज सलग 17 अँपिअरच सोसतो. आपल्याकडचा 35 चा लावला तर आधी वायर जळते. सीटजवळ हात पोहोचेल तिथे एक किलोचं पावडरचं अग्निशामक ठेवा. सीट बेल्ट बसवताना बोल्टमागे जाड पत्र्याची पट्टी द्या, नुसत्या फ्लोअरला बोल्ट मारू नका.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. 1966 च्या गाडीला पहिल्या गिअरचा सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी रचना) नाही. उतारावर गाडी पळायला लागल्यावर पहिला पडत नाही आणि न्यूट्रलमध्येच अडकायला होतं, म्हणून दुसरा आधीच टाकलेला हवा. ब्रेकला सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसेल तर पेडल जोरात दाबावं लागतं. पुढच्या गाडीपासून रोजच्यापेक्षा दुप्पट अंतर ठेवा. गाळप हंगामात अंधार पडल्यावर बाहेर काढू नका. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालतो, आणि एमजीबीत तुम्ही इतके खाली बसता की ट्रकवाल्याला बॉनेटसुद्धा दिसत नाही. करूळ किंवा आंबा घाट पाचशे किलोमीटर बिनतक्रार झाल्यावर. पन्हाळा त्याआधी चालेल, पण सकाळी लवकर, कोरड्या रस्त्यावर, आणि वर पोहोचल्यावर चाकं गार होऊ दिल्यावरच परत फिरा.