थारला मोठे एमटी (मड-टेरेन, चिखलासाठीचे) टायर टाकले. ८० च्या पुढे गाडी थरथरते, अलाइनमेंट करूनही फरक नाही. काय तपासू?

अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर वेडेवाकडे झिजतात. नुसत्या थरथरीचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं.

आधी पाणी मारून रिम आतून धुवा. रिमच्या आतल्या गोल भागात वाळलेला चिखल चिकटला असेल, तर चांगलं बॅलन्सिंगही (रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं) वाया जातं. ऑफरोडहून परतल्यावर थरथर सुरू झाली असेल तर पहिला संशय यावरच घ्या.

मग थरथर कुठे जाणवते ते बघा. स्टीअरिंगला असेल तर पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची. ॲक्सिलरेटर सोडताच कमी होत असेल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आणि त्याचे क्रॉस (दांड्याचे वळणारे सांधे) तपासा, विशेषतः गाडी उंच करणारं लिफ्ट किट असेल तर.

बॅलन्सिंगची वजनं लावूनही थरथर राहिली, तर टायर गोल आहे का ते पाहा. गाडी जॅकस्टँडवर घ्या, ट्रेडजवळ (टायरचा रस्त्याला टेकणारा भाग) खडू स्थिर धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. खडू आणि ट्रेडच्या गुट्ट्यांमधलं अंतर कमी-जास्त होत असेल तर टायर किंवा रिम गोल नाही. मोठ्या टायरमध्ये हे बरंच आढळतं, आणि साधं बॅलन्सिंग मशीन ते पकडत नाही. रिम सरळ असेल तर टायर त्यावर अर्धा फेरा फिरवून बसवून घ्या. पुष्कळदा एवढ्याने भागतं.

बाहेरून घेतलेले अलॉय असतील तर मधलं भोक हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) घट्ट बसतं का तेही बघा. सैल असेल तर सेंटरिंग रिंग लागते.

थरथर अचानक वाढली किंवा ट्रेडवर फुगवटा दिसला, तर त्या टायरवर हायवेला जाऊ नका.