मासोपुस्त हे चेक आडनाव कुठून आलं, त्याचा अर्थ काय?

मला जुन्या फुटबॉलचं वेड, त्यामुळे हे नाव मी आधी खेळाडूचं म्हणून ऐकलं, ते एका सणाचं नाव आहे हे खूप उशिरा कळलं.

चेक भाषेत मासो म्हणजे मांस, आणि हा शब्द आपल्या 'मांस'चा खरोखरच लांबचा भाऊबंद आहे, मूळ एकच. मासोपुस्त म्हणजे मांस सोडायच्या आधीचे दिवस, ६ जानेवारीनंतर सुरू होतात ते ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास लागेपर्यंत. गोव्यात कार्निव्हल, इंत्रूज म्हणतात ना, तोच हा, फक्त तिकडे तेव्हा कडाक्याची थंडी असते. डुक्कर कापतात, खाणंपिणं, नाच. ह्लिन्स्को गावाच्या आसपास पुरुष आणि पोरं सोंगं घेऊन दारोदार फिरतात आणि शेवटी घोडीचं सोंग घेतलेल्यावर सगळे आरोप ठेवून त्याला खोटंखोटं मारतात, मग दारू पाजून परत उठवतात! २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं हे.

आता खेळाडू. योसेफ मासोपुस्त, डुक्ला प्रागचा मिडफिल्डर, जन्म ९ फेब्रुवारी १९३१, म्हणजे बघा, ऐन मासोपुस्तातच जन्मलेला. हल्लीचा लुकाश मासोपुस्त, स्लाव्हिया प्रागकडून खेळलेला, तोही फेब्रुवारीचाच, १९९३ चा.

१९६२ च्या वर्ल्डकपात ब्राझीलविरुद्धच्या पहिल्या मॅचमध्ये पेलेला दुखापत झाली, तेव्हा बदली खेळाडू द्यायची सोयच नव्हती म्हणून तो तसाच लंगडत मैदानात राहिला, आणि बॉल त्याच्याकडे आला की योसेफ त्याला टॅकल करायचा नाही, नुसता थांबायचा. पेले हे आयुष्यभर विसरला नाही. मला त्याच्या गोलपेक्षा हे जास्त मोठं वाटतं, आणि गोल काय साधा नव्हता, त्याच ब्राझीलविरुद्ध फायनलमध्ये पहिला गोल ह्याचा, मॅच मात्र ३-१ हरले. त्याच वर्षी बॅलन डी'ऑर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळाला, त्याच्यानंतर चेक माणसाला तो मिळायला २००३ उजाडलं, नेडवेड. योसेफने तर तो सोन्याचा बॉल किटच्या बॅगेत टाकला आणि ट्रामने घरी गेला.

आणि हो, तिकडे बायकांचं आडनाव मासोपुस्तोवा होतं, त्यामुळे कुठे तसं दिसलं तर वेगळं समजू नका.