कान असलेली ब्लू नोट

प्रश्न : ब्लू नोट या अमेरिकन जाझ कंपनीची १९५९ सालची मोनो एलपी (मोठी रेकॉर्ड) मिळते आहे. लेबलवर ‘न्यूयॉर्क यूएसए’ छापलंय. विक्रेता ‘पहिलं प्रेसिंग, व्हीजी प्लस’ (पहिल्या छपाईची, बऱ्यापैकी जपलेली प्रत) म्हणतो. पटतं का?

उत्तर : पहिलं प्रेसिंग नाही. १९५९ मध्ये लेबलवर ‘४७ वेस्ट ६३’ हा पत्ता असे. ‘न्यूयॉर्क यूएसए’ आलं १९६२ च्या सुमारास. आता लेबलाभोवतीची कोरी पट्टी दिव्याखाली तिरकी धरा. कानासारखं दिसणारं, हाताने कोरलेलं ‘पी’ म्हणजे न्यू जर्सीच्या प्लास्टिलाइट कारखान्यातलं प्रेसिंग. ते नसेल तर बहुधा १९६६ नंतरचं. लिबर्टी या रेकॉर्ड कंपनीने ब्लू नोट घेतल्यावर उरलेली जुनी लेबलं वापरून टाकली. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांचा शिक्का दोन्हींवर सापडतो, कारण तो मूळ लॅकरमधून, म्हणजे आवाज पहिल्यांदा कोरतात त्या तबकडीतून उतरतो. त्यामुळे नुसत्या शिक्क्याचे पैसे मोजू नका.

राहिली प्रतीची अवस्था. व्हीजी प्लसचा भाव साधारण निअर मिंटच्या, म्हणजे जवळपास नव्या प्रतीच्या निम्मा, म्हणून या दर्जावर घासाघीस करायलाच हवी. ट्यूबलाइटखाली ओरखडे लपतात. पिवळा बल्ब घ्या. नखाला लागणारा ओरखडा बहुतेकदा टिकटिकतो, न लागणारा क्वचितच. खरा धोका डोळ्यांना दिसत नाही : त्या काळच्या जड पिकअपने (सुईच्या भागाने) खोबणीच्या भिंती झिजवलेल्या असतात. बाजूचं शेवटचं गाणं वाजवायला सांगा, कारण आतल्या खोबणीत झीज आधी ऐकू येते. ट्रंपेट जोरात लागताच आवाज चरचरला, तर चकचकीत प्रतसुद्धा व्हीजीच, म्हणजे एक पायरी खालची. धुऊन हे जात नाही.