सीट एकच, मग त्यांना आराम आणि मला कंबरदुखी का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुमची उंची पाच फूट एक इंच, मिस्टरांची पाच फूट अकरा. गाडी एकच. ते चार तास चालवून खुशाल उतरतात. तुमची मात्र तासाभरात कंबर धरते, उजव्या पायाला मुंग्या येतात. दोष सीटचा की तुमच्या पाठीचा?

बहुधा दोघांचाही नाही. सीट त्यांच्या मापाला बसते, तुमच्या बसत नाही, इतकंच. मी गाड्यांच्या सीट तपासण्याच्या कामात आहे. अशी तक्रार कमी उंचीच्या चालकांकडून इतकी नेहमी येते की मी पाठीबद्दल नंतर विचारतो. आधी विचारतो, पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची पुढची कड यांच्यात किती बोटं जातात?

दोन-तीन बोटं आरामात गेली पाहिजेत. तुमच्या बाबतीत एकही जात नसावं. सीट पुढेमागे सरकते, वरखाली होते, पाठ कलते, पण बसायच्या भागाची लांबी बहुतेक गाड्यांत कायमची ठरलेली असते. ती जास्त ठेवली तर उंच माणसाच्या मांड्यांना आधार मिळतो आणि आखूड मांडीच्या माणसाला कड गुडघ्यामागे रुतते. तिथे शिरा आणि नसा कातडीच्या अगदी जवळून जातात, म्हणून मुंग्या. मग शरीर आपसूक तोडगा काढतं: तुम्ही दोन इंच पुढे सरकून बसता. पाय सुटतात, पण कंबर आणि सीटची पाठ यांच्यात पोकळी पडते. आधार गेला की कटीचं हाड (पेल्विस) मागे कलंडतं, कमरेचं आतलं नैसर्गिक वळण सपाट होतं आणि पाठीला पोक येतं. दुखते कंबर, पण सुरुवात गुडघ्यामागून झालेली असते. लंबर सपोर्ट, म्हणजे सीटच्या पाठीतला कमरेचा फुगवटा, कितीही फुगवा, तिथे पाठच टेकलेली नसेल तर तो कुणाला आधार देणार?

आता कुणी म्हणेल, मग सरासरी मापाची सीट का बनवत नाहीत? १९५० साली अमेरिकी हवाई दलाने कॉकपिटसाठी ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्स यांनी त्यातली दहा मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास असलेले किती, ते मोजलं. एकही सापडला नाही. उंची सारखी असली तरी एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब, तिसऱ्याचे हात आखूड. गाड्यांच्या बाबतीत साधारणपणे अगदी ठेंगण्या स्त्रीपासून चांगल्या उंच पुरुषापर्यंतचा पट्टा धरून आराखडा करतात, तरी दोन्ही टोकांना काही ना काही तडजोड येतेच. तुमच्याच उंचीच्या मैत्रिणीला ती गाडी मस्त वाटली तर नवल नाही. तिची मांडी तुमच्यापेक्षा इंचभर लांब असेल.

मऊपणाचं खूळ मात्र डोक्यातून काढा. शोरूममध्ये पाच मिनिटं बसून जी सीट स्वर्गसुख वाटते, ती लांबच्या प्रवासात दगा देऊ शकते. आमच्याकडे सीटवर सेन्सर लावलेली पातळ चटई अंथरून माणसाला बसवतात. पडद्यावर दाबाचा रंगीत नकाशा उमटतो. चांगल्या सीटवर दोन बैठकीच्या हाडांखाली गडद ठिपके दिसतात आणि तिथून मांडीकडे रंग हळूहळू फिका होत गुडघ्याजवळ जवळजवळ नाहीसा होतो. फार मऊ फोम असेल तर हाडं तळापर्यंत रुततात, नितंबांच्या बाजूंनाही दाब येतो, आणि कूस बदलायला जोर लावावा लागतो. फार कडक असेल तर सगळा भार त्या दोन ठिपक्यांवर येतो. वजनाचाही यात मोठा वाटा आहे: पन्नास किलोच्या माणसाला कडक वाटणारा फोम नव्वद किलोच्या माणसाखाली नेमका हवा तेवढा दबतो. मिस्टरांना सीट मऊ आणि तुम्हाला लाकडासारखी वाटत असेल तर तुम्ही दोघंही खरंच बोलताय.

शिवाय हादरे आहेत. बसलेल्या माणसाला उभे हादरे सर्वांत जास्त झोंबतात ते सेकंदाला साधारण चार ते आठ या टप्प्यातले, आणि खराब रस्त्यावरच्या गाडीत नेमके तसे हादरे भरपूर असतात. फोम आणि त्याखालच्या स्प्रिंगा ते गिळतात की वाढवतात, हे उभ्या गाडीत कळूच शकत नाही.

पाठीच्या कलण्याबद्दल एवढंच, की अगदी ताठ नव्वद अंशांत बसणं हे शाळेतल्या शिस्तीचं खूळ आहे. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ अल्फ नॅकेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. पुढच्या मोजण्यांतूनही दिसलं की पाठ थोडी मागे कलली आणि कमरेला आधार मिळाला की तो दाब उतरतो. गाडी चालवताना शंभर ते एकशे दहा अंश बऱ्याच जणांना मानवतात. त्याहून मागे गेलात तर मान पुढे काढून रस्ता बघावा लागतो आणि दुखणं कमरेतून मानेत जातं.

तर तुम्ही करायचं काय. आधी सीट वर उचला. उंच बसलं की मांड्या पुढे उतरत्या होतात. सीटचं पुढचं टोक खाली करता येत असेल तर करा, कडेचा दाब तिथल्या तिथे कमी होतो. मग नितंब पार मागे सरकवून बसा. हे दर वेळी मुद्दाम करावं लागतं. नंतर सीट इतकी पुढे घ्या की क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. पाठीचा कल बघा आणि शेवटी स्टिअरिंग आपल्याकडे ओढा. बहुतेक लोक स्टिअरिंगला हातच लावत नाहीत आणि त्याच्या जागेप्रमाणे सीट सरकवत बसतात, उलटं करा. फक्त छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान पंचवीस सेंटीमीटर अंतर ठेवा, कारण एअरबॅग फार जोरात उघडते.

एवढं करूनही कड रुतत असेल तर पाठीमागे टणक, पातळ उशी घ्या. ती कमरेपासून खांद्यांच्या पात्यांपर्यंत पोचणारी हवी, म्हणजे बसायची जागा सरळ दोन इंचांनी आखूड होते. बाजारात मिळणारा तो गोलमटोल कमरेचा लोड अशा वेळी कमरेला पुढे ढकलतो आणि खांदे लटकत ठेवतो. तसंच उशीमुळे डोकं हेडरेस्टपासून लांब गेलं तर ते चालणार नाही. मागून धडक बसली की मान वाचते ती हेडरेस्ट डोक्याच्या जवळ आणि डोक्याइतकं उंच असेल तरच. जाड सीट कव्हरही नको, सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर त्याने ती अडू शकते.

मिस्टरांना तुमच्यानंतर सगळं पुन्हा लावावं लागेल, त्यावरून कुरबूर होईल. मेमरी सीट (प्रत्येकाची जागा लक्षात ठेवणारी) असेल तर तिचं बटण वापरा, नसेल तर सीट सरकते त्या रुळाच्या खाचा मोजून ठेवा. आणि हे सगळं नीट लावूनही दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चालाच. स्नायू एकाच अवस्थेत ताटकळले की सीट कितीही चांगली असली तरी दुखतात. गाडीतून उतरल्यावरही मुंग्या जात नसतील किंवा पायात ताकद कमी वाटत असेल तर मग तो विषय सीटचा राहत नाही, डॉक्टरांना दाखवा.

पुढची गाडी घ्याल तेव्हा मांडीच्या आधाराची लांबी कमीजास्त करता येते का, हे आधी विचारा. काही मॉडेलांत ती सोय असते. फेरी मारताना किमान अर्धा तास, जमलं तर खडबडीत रस्त्यावरून, तुम्ही स्वतः चालवा. मिस्टरांना शेजारी बसवा. त्यांचं मत सीटच्या बाबतीत तुमच्या उपयोगाचं नाही.