डच 'होर' म्हणजे आपला 'हं'

प्रश्न असा आलाय: "माझी मावसबहीण लेस्टरला वाढली, इंग्रजी हीच तिची पहिली भाषा, मराठी समजतं पण बोलत नाही. आता ती युट्रेख्तला डच पार्टनरबरोबर राहते आणि डच शिकतेय. तो दर दुसऱ्या वाक्याच्या शेवटी 'होर' म्हणतो. अर्थ विचारला तर म्हणतो काही नाही, असंच. अ‍ॅपमधे बघितलं तर 'ऐक' असा अर्थ दिलाय. नक्की काय आहे हे? आणि जुन्या मराठीत वलंदेज म्हणायचे ते हेच डच का?"

शेवटचं आधी सांगून टाकते. हो, हेच. पोर्तुगीज लोक हॉलंडच्या माणसाला 'ओलांदेज' म्हणायचे, स्पेलिंगमधे सुरुवातीला एच आहे पण तो उच्चारत नाहीत, त्यावरून आपला वलंदेज आला. १७व्या शतकात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, तिचे पडके अवशेष अजून आहेत.

आता होर. माझं सासर डच आहे आणि लग्नानंतर पहिली काही वर्षं आम्ही दोघं घरी फक्त इंग्रजीच बोलायचो, त्यामुळे हा शब्द मी रोज ऐकत होते आणि मला तो कळत नव्हता. क्लासमधे कोणी शिकवला नाही, पुस्तकात शब्दार्थाच्या यादीत नव्हता. मग एकदा सासूबाईंनी फोनवर कुणाला तरी 'मोमेंत्ये होर' म्हटलं आणि रिसिव्हरवर हात ठेवून मला काहीतरी विचारलं, आणि माझ्या डोक्यात ते आपोआप मराठीत आलं, 'एक मिनिट हं'. तेवढंच. होर म्हणजे हं.

मूळ क्रियापद 'होरन', म्हणजे ऐकणे. 'होर' हे त्याचं आज्ञार्थी रूप, म्हणून अ‍ॅप 'ऐक' म्हणतं ते मुळाच्या हिशोबाने चुकीचं नाहीये. पण वाक्याच्या शेवटी आला की त्यातलं ऐकणं निघून गेलेलं असतं. आपल्याकडे हेच 'बघ'चं झालंय ना. 'छान झालीये बघ भाजी' यात कुणी काही बघायचं नसतं, भाजी तर तोंडात असते. 'तो येणार नाही म्हणे' यातल्या 'म्हणे'चंही तसंच, म्हणणारा कोण ते कुणी विचारत नाही. भाषा क्रियापदं अशी झिजवून झिजवून वाक्याच्या शेपटाला लावतात, डचांनी त्यासाठी ऐकणं घेतलं आणि आपण बघणं. मला हे फार आवडतं, कारण यात कुणी कुणाचं उचललेलं नाही, दोन्ही भाषा आपापल्या वाटेने तिथे पोचल्या.

हं आणि होर किती जवळचे आहेत ते वाक्यांत बघा. 'नीत फरखेतन होर' म्हणजे 'विसरू नको हं'. 'पास ऑप होर' म्हणजे 'सांभाळून हं'. फोन ठेवताना 'दूई होर', म्हणजे 'ठेवते हं'. चुकून धक्का लागला आणि तुम्ही सॉरी म्हटलंत तर समोरचा म्हणतो 'खेफ्त नीत होर', म्हणजे 'असू दे, काही नाही झालं हं'. ट्रेनमधे शेजारची सीट रिकामी आहे का असं विचारलं की 'या होर', म्हणजे 'हो हो, बसा'. आणि 'मी मधेच आले का, डिस्टर्ब केलं का' याला उत्तर 'ने होर', इथे मराठीत 'छे छे' किंवा 'नाही हो' जास्त शोभेल. नुसतं 'ने' म्हणणं चूक नाही, पण ते तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं, होर लावलं की दार उघडं राहतं. समोरच्याला धीर देणं, आश्वासन देणं, बारीकसं बजावणं आणि या सगळ्यात आवाज मऊ ठेवणं, होरचं काम एवढंच आणि ते खूप आहे.

कुणी म्हणेल मग 'अगं', 'अहो', 'रे' यांच्याशी का नाही जुळवत? कारण तिथे समोर कोण आहे ते बघून शब्द बदलावा लागतो. होर तसा नाही, डचमधे अरेतुरेचा 'ये' असो नाहीतर अहोजाहोचा 'यू' असो, होर दोघांनाही चालतो. आपला हं पण तसाच, आजोबांना 'येते हं' आणि भाच्याला पण 'येते हं'. आणि अजून एक, खऱ्या प्रश्नाला होर लागत नाही. 'कुठे चाललास हं?' आपण नाही म्हणत, डचमधे पण नाही म्हणत. जिथे मराठी कान अडखळतो तिथे डच कानही अडखळतो, यापेक्षा चांगला पुरावा मला देता येणार नाही.

पूर्ण एकच आहेत असं मात्र नाही. आपला हं एकटाही येतो, 'हं, बोल' असा, होर तसा एकटा उभा राहत नाही, त्याला आधी काहीतरी लागतंच. आणि 'या होर'मधे सगळा जोर 'या'वर टाकून, जरा लांबवून म्हटलं की अर्थ पार उलटतो, म्हणजे 'झालं! सुरू परत!' पाहुणे यायच्या वेळेला दूध उतू गेलं की आपण जसं 'झालं!' म्हणतो तसं. तुमच्या बहिणीने पार्टनरच्या तोंडून हे दोन्ही प्रकार ऐकले असणार आणि एकच शब्द कधी गोड कधी वैतागलेला कसा म्हणून ती गोंधळली असणार. फरक सुरात आहे, शब्दात नाही.

उच्चाराबद्दल तिला नक्की सांगा, हे महत्त्वाचं आहे. होर लिहिताना मधे दोन ओ असतात आणि इंग्रजी वाचायची सवय असलेला माणूस त्याचा 'हूर' करतो. डचमधे दोन ओ म्हणजे लांब ओ, आपल्या मोर, चोरमधला. ऊ हवा असेल तर ओ आणि ई लिहितात, आणि तसा 'हूर' असा वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ वेश्या, आणि ती शिवी म्हणूनही वापरतात. त्यामुळे सासरच्या मंडळींसमोर स्वर नीटच लागायला हवा. उलट बाजूने, इंग्रजी कानाला बरोबर उच्चारलेला होरसुद्धा इंग्रजीतल्या त्याच अर्थाच्या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून बरेच इंग्रजीभाषक तो उच्चारायलाच बिचकतात. बिचकू नये. आणि ह म्हणाल तर डचांचा ह आपल्यासारखा घोष आहे, गळ्यात कंप असलेला, इंग्रजीतला एच नुसत्या श्वासाचा असतो. म्हणजे आईचं मराठी कानावर पडलेलं असेल तर तिला तो ह आयताच मिळालाय.

पार्टनर 'काही नाही, असंच' म्हणतो ते तो टाळतोय म्हणून नाही. त्याला खरंच सांगता येत नाही. आपल्याला तरी कुणी हंचा अर्थ विचारला तर काय सांगू? म्हणून अर्थ विचारूच नये, काढून बघावं. म्हणजे त्याला सांगायचं की हेच वाक्य मी होर न लावता म्हणते, आणि मग मी कशी वाटले ते सांग. मी नवऱ्याला 'खेफ्त नीत' आणि 'खेफ्त नीत होर' यातला फरक असा विचारला तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला की पहिलं मी अशा माणसालाही म्हणेन ज्याच्यावर अजून थोडा चिडलोय. कुठल्याही डिक्शनरीपेक्षा मला हे उत्तर जास्त उपयोगी पडलं.

हीच युक्ती बाकीच्या छोट्या शब्दांनाही लावता येते. 'एव्हन' म्हणजे आपला 'जरा', 'वाख्त एव्हन' म्हणजे 'जरा थांब', यात शब्दशः अर्थाने थोडा वेळ असतो पण खरं काम विनंती हलकी करण्याचं. 'मार' हा तर थेट कोल्हापूरकडचा 'की'. 'खा झितन' हा हुकूम झाला, बस खाली. 'खा मार झितन' म्हणजे 'बसा की'. 'कॉम मार बिनन' म्हणजे 'या की आत'. हाच मार एरवी 'पण' या अर्थाने येतो, त्यामुळे शिकणारा इंग्रजीभाषक 'बसा पण' असा अर्थ लावत बसतो आणि वाक्य काही त्याला लागत नाही.

'तॉख' आणि 'हॅ' इथे मात्र मराठी मदत करता करता फसवते, कारण आपण दोन्हीकडे 'ना' लावतो. 'कौट हॅ' म्हणजे 'थंडी आहे ना', दोघंही कुडकुडतायत, फक्त सोबत हवीये. 'ये कॉम्त तॉख?' म्हणजे 'तू येतोयस ना?', इथे मनात किंचित शंका आहे आणि खात्री करून हवीये. तॉखवर जोर दिला की ते परत वेगळंच, 'इक खा तॉख' म्हणजे 'मी तरीही जाणार'. आणि हे सगळे एकाच वाक्यात रांगेने येऊ शकतात, ते ऐकून घाबरायचं नाही, आपणही 'अगं पण जरा ये की बघू इकडे' म्हणतोच, त्यात काम सांगणारे शब्द दोनच, 'इकडे ये'.

जाता जाता पार्टनर या शब्दावरून आठवलं. डचमधे 'मइन फ्रीन्त' म्हणजे शब्दशः माझा मित्र, पण ऐकणारा त्याचा अर्थ बॉयफ्रेंड असाच घेतो. साधा मित्र असेल तर 'अन फ्रीन्त फान मइ', माझ्या मित्रांपैकी एक. नवीन शिकणाऱ्याने ऑफिसातल्या मित्राची ओळख पहिल्या पद्धतीने करून दिली तर घरी उगाच गैरसमज.

आणि घरातल्या भाषेबद्दल, जरी विचारलं नसलं तरी. ज्या भाषेत प्रेम जमलं ती भाषा सोडणं फार अवघड असतं, दोघांनाही दुसऱ्या भाषेत आपण वेगळेच माणूस वाटतो, त्यात डच लोकांचं इंग्रजी इतकं चांगलं की तुम्ही एका शब्दाला अडलात की ते लगेच इंग्रजीत वळतात, मदत म्हणूनच वळतात, पण शिकणं तिथेच थांबतं. आम्ही शेवटी स्वयंपाकाची वेळ डचसाठी ठेवली. हात कामात असतात, विषय समोर शिजत असतो, भांडण झालं तर इंग्रजीत जायची मुभा. होर, एव्हन, मार हे शब्द मला ओट्यापाशी आले, कारण 'जरा चव बघ', 'घे की अजून', 'गरम आहे हं' हेच तिथे सारखं बोललं जातं.

तिला सुरुवातीला चारच द्या: या होर, ने होर, खेफ्त नीत होर, मोमेंत्ये होर. आणि पुढच्या वेळी आईचा फोन येईल तेव्हा शेवटचे दोन शब्द लक्ष देऊन ऐकायला सांगा, 'ठेवते हं'. तो हं तिने लहानपणापासून ऐकलाय, फक्त त्याला कधी शब्द म्हणून मोजलं नसेल.

हे सगळं नेदरलँड्सचं झालं. बेल्जियमकडे गेली तर होर कमी ऐकू येईल, अँटवर्पच्या बाजूला त्याच जागी 'झुल्ल' किंवा 'झेन्न' म्हणतात. काम तेच.